पंगत

(भुकेल्याला जेवू घालणे हे सर्व धर्मांनी पुण्याचे काम मानले आहे. पण जेवण कसे द्यावे, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. जेवणाऱ्याची मान खाली न जाता त्याचे पोट कसे भरेल? वणीच्या यात्रेतील पंगत, गुरुद्वारातील लंगर, आयर्लंडमधील सूपगृहे आणि पंडिता रमाबाईंचे कार्य यांच्या आधारे या पाठात त्याचा विचार केला आहे.)

चैत्र महिना लागला की वणीच्या गडाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर माणसांची रीघ लागते. वणी हे नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याचे एक बाजारपेठेचे गाव आहे. जवळच सप्तशृंग गड आहे. गड तसा कळवण तालुक्यात येतो आणि त्याच्या पायथ्याशी नांदुरी हे गाव आहे. तरीही लोक 'वणीची देवी' आणि 'वणीचा गड' असेच म्हणतात. महाराष्ट्रातील देवीच्या साडेतीन पीठांपैकी हे अर्धे पीठ मानले जाते.

रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर मोठी यात्रा भरते. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून हजारो लोक पायी येतात. खानदेश हे देवीचे माहेर आहे, असे ते मानतात. खानदेशातून येणारे लोक मालेगाव, देवळा, कळवण या वाटेने येतात. नाशिककडून येणारे दिंडोरी आणि वणीवरून जातात. गडावर चढायला सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. २०१८ पासून तेथे डोंगरावर चढणारी ट्रॉलीही सुरू झाली आहे. पण पायी येणाऱ्यांची संख्या काही कमी झालेली नाही.

चैत्रातले ऊन कडक असते. डांबरी रस्ता तापलेला असतो. चालून चालून पायांना फोड येतात आणि पोटात कावळे ओरडू लागतात. अशा वेळी रस्त्याच्या कडेला एखादा मांडव दिसतो. मांडवात पाण्याचे माठ किंवा टाक्या भरून ठेवलेल्या असतात. कोणी चहा देतो, कोणी पोहे देतो, तर कोठे खिचडीचे मोठे पातेले चुलीवर चढलेले असते. वाटेवरच्या गावांतील मंडळे, शेतकरी, दुकानदार आपापल्या ऐपतीप्रमाणे हे काम करतात. कोणी तांदूळ देतो, कोणी डाळ देतो, कोणी कांद्याचे पोते आणून टाकतो. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नसते, तो वाढायला उभा राहतो.

आता या मांडवात काय घडते ते नीट पाहा. एक पदयात्री येतो आणि सावलीत बसतो. त्याच्या पुढे पत्रावळ येते. वाढणारा ओगराळ्याने खिचडी वाढतो आणि म्हणतो, "बाबा, आणखी घ्या." तो त्या माणसाचे नाव विचारत नाही. गाव विचारले तर केवळ बोलण्यापुरते. त्याची जात कोणती, त्याच्या खिशात किती पैसे आहेत, तो खरोखर भुकेला आहे की नाही, यांपैकी एकही प्रश्न तेथे विचारला जात नाही. जो बसला तो पाहुणा.

या पंगतीत सगळेच बसलेले असतात. एखादा मोठा व्यापारी नवस फेडायला पायी निघालेला असतो. त्याच्या शेजारी शेतमजूर बसलेला असतो. व्यापाऱ्याच्या घरी अन्नाला तोटा नाही. मजुराच्या घरी कदाचित दोन दिवसांपासून नीट चूल पेटलेली नसेल. पण पाहणाऱ्याला दोघांमधला फरक कळत नाही. दोघांच्या पत्रावळीवर तीच खिचडी असते. व्यापारी जेवला म्हणून त्याला कोणी गरीब समजत नाही, आणि मजूर जेवला म्हणून त्याला कोणी भिकारी म्हणत नाही. पंगत सर्वांची असते, म्हणून ती गरजू माणसाची लाज राखते.

ही गोष्ट लहान गावात फार महत्त्वाची ठरते. मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवून जातो. तेथे तो कोठे जेवला, हे कोणाला कळत नाही. वणीसारख्या गावात मात्र सगळे एकमेकांना ओळखतात. सुरगाणा, पेठ या आदिवासी भागांतून मजूर इकडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस पडतो किंवा गारपीट होते. बागा झोपतात. मग बागाईतदार कर्जात बुडतो आणि मजुराची मजुरी बुडते. अशा वेळी गावात कोणी 'गरिबांसाठी मोफत जेवण' असा फलक लावला, तर किती लोक तेथे जातील? ज्याला सर्वांत जास्त गरज आहे, तोच कदाचित जाणार नाही. रांगेत उभे राहिल्यावर आपल्याला शेजारी पाहतील, आपल्या मुलांच्या मित्रांना हे कळेल, या विचाराने तो उपाशीच झोपेल. लहान गावातली भूक अशी दाराआड लपून बसते.

म्हणून जुन्या काळापासून शहाण्या माणसांनी जेवण देण्याच्या अशा रीती शोधल्या, ज्यांत घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. आपल्या भाषांतील शब्दही हेच सांगतात. मराठीत 'अन्नछत्र' हा शब्द आहे. त्याचे जुने रूप 'अन्नसत्र' असे आहे. सत्र म्हणजे दीर्घकाळ चालणारे धर्मकार्य. अन्नाचे सत्र म्हणजे खंड न पडता चाललेले अन्नदान. उर्दूत आपण 'लंगर' म्हणतो. हा शब्द फारसीतून आला. सुफी संतांच्या खानकाहमध्ये लंगर चालत असे. अजमेर येथील ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात आजही दोन प्रचंड देगा आहेत. मोठी देग अकबर बादशहाने दिली आणि लहान देग जहांगीर बादशहाने दिली. त्यांत शिजलेले अन्न सर्वांना वाटले जाते. त्यात मांस घालत नाहीत, म्हणून कोणत्याही धर्माचा माणूस ते खाऊ शकतो.

गुरू नानक (१४६९ ते १५३९) यांनी लंगरला शीख धर्मात मोठे स्थान दिले. तिसरे गुरू अमरदास यांनी तर असा नियम केला, की जो भेटायला येईल त्याने आधी पंगतीत बसून जेवावे आणि मग भेटावे. अकबर बादशहा त्यांच्या भेटीला गेला, तेव्हा तोही सामान्य लोकांबरोबर जमिनीवर बसून जेवला, असे शीख परंपरेत सांगतात. या नियमात किती खोल विचार आहे! बादशहा ज्या पंगतीत बसला, त्या पंगतीत बसायला गरिबाला लाज कशी वाटेल? महाराष्ट्रात नांदेड येथे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये निधन झाले. तेथील गुरुद्वारात आजही लंगर चालतो.

आता आपण ख्रिस्ती लोकांच्या परंपरेकडे वळू या. भुकेल्याला दिलेले अन्न हे प्रत्यक्ष आपल्यालाच दिल्यासारखे आहे, अशी येशू ख्रिस्ताची शिकवण आहे. या शिकवणीमुळे चर्चने जगभर अनाथालये, दवाखाने आणि गरिबांसाठी स्वयंपाकघरे चालवली. आपल्या नाशिक शहरातही याची एक खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ख्रिस्ती मिशनने तेथे 'शरणपूर' नावाची वस्ती वसवली. त्या काळी आफ्रिकेतील मुलांना पकडून गुलाम म्हणून विकत असत. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली काही आफ्रिकी मुले या वस्तीत आणली गेली. त्यांना अन्न, आसरा आणि शिक्षण मिळाले. सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदेही ती शिकली. नाशिकचा 'शरणपूर रोड' आजही या वस्तीचे नाव सांगतो.

युरोप आणि अमेरिकेतील लहान गावांत चर्चच्या एखाद्या दालनात आठवड्यातून ठरावीक दिवशी गरम जेवण देण्याची पद्धत आहे. गावातील लोक भाज्या, पाव, डाळी आणून देतात. काही जण शिजवतात, काही जण वाढतात आणि शेजारीपाजारी येऊन जेवतात. अशा स्वयंपाकघराला तेथील लोक 'सूप किचन', म्हणजे सूपगृह म्हणतात. सूपच का? कारण एका मोठ्या भांड्यात पाणी, भाज्या, डाळ किंवा मांस घालून ते शिजवता येते. खर्च कमी येतो. माणसे वाढली तर थोडे पाणी वाढवता येते. आपल्याकडे हेच काम खिचडी, आमटी आणि पेज करतात.

पण या सूपगृहांच्या इतिहासात एक दुःखाचे पानही आहे. ते आपण वाचले पाहिजे. आयर्लंड हा युरोपमधील एक लहान देश. तेथील गरीब शेतकरी बटाट्यावरच जगत असत. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पीक नासून गेले. पुढची काही वर्षे तेथे भयंकर दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ठिकठिकाणी सूपगृहे उघडली. १८४७ मध्ये सरकारनेही त्यासाठी कायदा केला. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात रोज सुमारे तीस लाख लोकांना सूपगृहांतून अन्न मिळत होते. तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद यांनीही आयर्लंडच्या दुष्काळग्रस्तांसाठी एक हजार पौंड पाठवले. दूरच्या मुस्लीम राजाने ख्रिस्ती शेतकऱ्यांची भूक ओळखली.

याच दुष्काळात डब्लिन शहरात एका नामांकित आचाऱ्याच्या देखरेखीखाली एक मोठे सूपगृह उघडण्यात आले. तेथे घंटा वाजली की लोकांचा एक जथा आत यायचा, घाईघाईने सूप प्यायचा आणि दुसऱ्या दाराने बाहेर जायचा. मग पुन्हा घंटा वाजायची. वाडग्यांना चमचे साखळीने बांधलेले होते. उद्घाटनाच्या दिवशी शहरातील बडी मंडळी हे सारे पाहायला जमली होती. त्या सूपाने अनेकांचे प्राण वाचले, हे खरे आहे. पण ज्याच्या हातात साखळीचा चमचा दिला जातो, त्याला काय वाटत असेल? 'आम्ही तुला चोर समजतो,' असेच ती साखळी त्याला सांगत असेल.

याहून वाईट गोष्ट आणखी एक घडली. काही ठिकाणी धर्मप्रसारकांनी सूप देताना अट घातली. धर्म किंवा पंथ बदलला तरच सूप मिळेल, असे लोकांना सांगण्यात आले. सर्वांनी असे केले नाही. क्वेकर लोकांनी तर कोणाचाही धर्म न पाहता अन्न दिले आणि म्हणून आयर्लंडमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पण ज्यांनी अट मान्य करून सूप घेतले, त्यांना पुढे अनेक वर्षे लोक टोमणे मारत राहिले. 'याने सूप घेतले' हे तेथे शिवीसारखे वाक्य झाले. पोट भरले, पण मान कायमची खाली गेली. अन्नाला अट जोडली की अन्नाचा सौदा होतो.

आपल्या महाराष्ट्रातही एकोणिसाव्या शतकात मोठे दुष्काळ पडले. १८७६-७७ च्या दुष्काळात महात्मा जोतीराव फुले, सावित्रीबाई आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते भुकेल्यांच्या मदतीला धावले. पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी त्यांनी बालाश्रम उघडला. त्यानंतर वीस वर्षांनी तसाच दुष्काळ पुन्हा आला. त्या वेळी पुढे आल्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. त्यांचा जन्म १८५८ मध्ये झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. आई लक्ष्मीबाई याही संस्कृत जाणत होत्या. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत भारतभर फिरे. पुढे दक्षिण भारतात दुष्काळ पडला. जवळचे पैसे संपले, दागिने आणि भांडी विकून झाली. कष्टाचे काम करण्याची कोणाला सवय नव्हती आणि भीक मागायला मन तयार होत नव्हते. झाडाची पाने आणि रानातली फळे खाऊन त्यांनी दिवस काढले. १८७४ मध्ये आधी वडील आणि नंतर आई मरण पावली. पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. इतकी विद्वान माणसे भुकेने गेली, पण त्यांचा हात कोणापुढे पसरला नाही. लाजेपुढे भूकही हरते, हे रमाबाईंनी आपल्या घरातच पाहिले.

पुढे रमाबाईंनी इंग्लंडमध्ये असताना ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' ही संस्था काढली आणि नंतर ती पुण्याला नेली. तेथील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे झाला, म्हणून पुण्यात मोठा वाद उठला. अनेकांनी आपल्या मुली परत नेल्या. आश्रय देणाऱ्याने आपला धर्म द्यावा का, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता आणि तो विचारणे योग्यच आहे. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या मुलींना शोधत फिरणाऱ्या माणसांत रमाबाई होत्या, हेही तितकेच खरे आहे. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना त्यांनी बरोबर आणले. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांची जमीन होती. तेथे 'मुक्ती सदन' उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

इतक्या जणींना रमाबाईंनी केवळ जेवू घातले नाही. त्यांनी प्रत्येकीला काम शिकवले. मुक्ती सदनात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. काल उपाशी असलेली मुलगी आज दुसरीसाठी भाकरी थापू लागली. ज्या घरात कष्टाचे काम न येण्यामुळे माणसे मेली, त्या घरातल्या मुलीने हा धडा घेतला होता. घेणारा हात काही दिवसांनी देणारा झाला, की माणसाला आपला मान परत मिळतो. रमाबाईंचे निधन १९२२ मध्ये झाले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, जेवण देण्याचे हे दोन मार्ग तुमच्या लक्षात आले असतील. एक साखळीच्या चमच्याचा मार्ग आणि दुसरा पंगतीचा. दोन्हींमध्ये अन्न सारखेच असू शकते. फरक असतो तो वागणुकीत. तुम्ही लहान वर्गात असताना शाळेत खिचडी खाल्ली असेल. शाळेतील मुलांना आहार देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी मुलांना घरी नेण्यासाठी धान्य मिळे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. या खिचडीत पंगतीचाच गुण आहे. ती वर्गातील सर्व मुलांसाठी असते. डॉक्टरांचा मुलगा आणि मोलकरणीची मुलगी शेजारी बसून खातात. कोणाच्या घरी सकाळी काही शिजले नाही, हे कोणालाच कळत नाही.

रमजान महिन्यात मशिदीत इफ्तारचा दस्तरखान पसरतात, तेव्हाही असेच होते. जो बसेल त्याच्यापुढे खजूर आणि फळे येतात. शेजारी उपाशी असताना आपण पोटभर जेवणे योग्य नाही, अशी आपल्याला शिकवण आहे. या शिकवणीत 'शेजारी' हा शब्द आहे. 'मुसलमान शेजारी' असे तेथे म्हटलेले नाही.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली. कामे बंद पडली. मुंबईतील हजारो मजूर मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकवरून आपल्या गावी पायी निघाले. त्यांच्या डोक्यावर बोचकी होती आणि कडेवर मुले होती. त्या वेळी रस्त्यावरच्या लोकांनी, गुरुद्वारांनी, मशिदींनी, मंदिरांनी आणि चर्चनी त्यांना पाणी आणि जेवण दिले. यवतमाळ जिल्ह्यात करंजी येथे महामार्गावरच्या एका लंगरात दिवसरात्र अन्न शिजत होते. चैत्राच्या यात्रेत जे गावकरी पदयात्र्यांना वाढतात, त्यांना हे काम नवे नव्हते. या वेळी यात्रा नव्हती, एवढाच फरक होता.

आता कोणी विचारील, "आम्ही विद्यार्थी काय करू शकतो?" पुष्कळ करता येईल. शंभर माणसांच्या खिचडीला साधारण दहा किलो तांदूळ आणि तीन-चार किलो डाळ पुरते. वर्गातील प्रत्येक मुलाने घरून दोन-दोन वाट्या तांदूळ आणि वाटीभर डाळ आणली, तरी बरेच धान्य जमते. शिजवण्याचे काम मोठ्या माणसांकडे द्यावे. वाढण्याचे काम मात्र तुम्ही करावे. वाढताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फलकावर 'गरिबांसाठी' असे लिहू नये, 'सर्वांसाठी' असे लिहावे. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना आधी वाढावे. अन्न गरम असतानाच वाढावे. पिण्याचे पाणी स्वच्छ असावे. कोणाला नाव, जात किंवा धर्म विचारू नये. जेवणाऱ्याचा फोटो काढू नये. दुसऱ्यांदा मागायला लाज वाटते, म्हणून न मागताच "आणखी घ्या" म्हणावे. शेवटी उरलेल्या जागी आपणही पान मांडून बसावे. वाढणारा त्याच पंगतीत जेवायला बसला, की देणारा कोण आणि घेणारा कोण हे सांगता येत नाही.

तुमच्या गल्लीतही एखादे घर असे असेल, जेथे कमावणारा माणूस आजारी आहे किंवा हंगाम बुडाला आहे. त्या घरी डबा नेताना "तुमच्याकडे काही नाही म्हणून आणले," असे म्हणू नका. "अम्मीने आज जास्त केले होते, चव पाहा," असे म्हणा. शेजारधर्मात ही रीत जुनी आहे. रिकामा डबा परत येताना त्यात कधी दोन लिंबे येतील, तर कधी मूठभर शेंगा. त्या आनंदाने घ्या. नको म्हणू नका. त्या लिंबांनी ते घर तुमच्या बरोबरीला येऊन बसलेले असते.

शब्दार्थ

रीघ लागणे – एकामागून एक माणसे येत राहणे, तांता लागणे
ऐपत – पैसा खर्च करण्याची ताकद, हैसियत
पदयात्री – पायी यात्रा करणारा
ओगराळे – वाढण्यासाठी लांब दांड्याचे खोलगट भांडे
पत्रावळ – पाने जोडून केलेले जेवणाचे ताट
नवस फेडणे – देवाला बोललेले पूर्ण करणे, मन्नत पुरी करणे
अवकाळी – भलत्या वेळी आलेला, बेमोसमी
जथा – माणसांचा समूह
टोमणा – मनाला लागेल असे बोलणे, ताना
बोचके – कपड्यात बांधलेले सामान, गठरी
दस्तरखान – ज्यावर जेवण मांडतात ते कापड

वाक्प्रचार

पोटात कावळे ओरडणे – खूप भूक लागणे
हात पसरणे – दुसऱ्याकडे मागणे
मान खाली जाणे – लाज वाटणे, अपमान होणे
लाज राखणे – अब्रू सांभाळणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वणी हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) 'अन्नछत्र' या शब्दाचे जुने रूप कोणते?
(इ) अजमेर येथील लहान देग कोणी दिली?
(ई) आयर्लंडमधील शेतकरी कोणत्या पिकावर जगत असत?
(उ) पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन कोठे उभे केले?

प्र. २. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(पाहुणा, शेजारी, सौदा, दाराआड)
(अ) जो बसला तो ______.
(आ) लहान गावातली भूक ______ लपून बसते.
(इ) अन्नाला अट जोडली की अन्नाचा ______ होतो.
(ई) आपल्या शिकवणीत ______ हा शब्द आहे.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) यात्रेच्या पंगतीत गरजू माणसाची लाज कशी राखली जाते?
(आ) डब्लिनच्या सूपगृहात लोकांना कशा प्रकारे जेवण दिले जात असे?
(इ) रमाबाईंनी मुलींना काम का शिकवले?
(ई) रिकाम्या डब्यातून आलेली लिंबे का घ्यावीत?

प्र. ४. तुमचे मत लिहा.
'गरिबांसाठी जेवण' आणि 'सर्वांसाठी जेवण' या दोन फलकांत तुम्हाला कोणता फरक वाटतो?

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
हात पसरणे, मान खाली जाणे, रीघ लागणे.

प्र. ६. पुढील शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जातात. प्रत्येक शब्दाचे दोन्ही भाषांत एक-एक वाक्य करा.
लंगर, फरक.

उपक्रम

तुमच्या गावात यात्रा, उरूस, सण किंवा लग्न यांनिमित्त सर्वांसाठी पंगत कोठे वाढली जाते, याची माहिती वडीलधाऱ्या माणसांकडून मिळवा. तेथे काय शिजवतात, कोण वाढते आणि कोण कोणाशेजारी बसते, हे दहा वाक्यांत लिहा व वर्गात वाचून दाखवा.